गावातली सर्वात जुनी भिंत कोणती?

प्रवराकाठच्या कोणत्याही गावात पारावर बसा आणि विचारा, "तुमच्या गावातलं सगळ्यात जुनं बांधकाम कोणतं हो?" उत्तर लगेच मिळते. "महादेवाचं देऊळ. पांडवांनी एका रात्रीत बांधलं. कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला." दुसरा एखादा शिकलेला असला तर म्हणतो, "नाही नाही, हेमाडपंती आहे." एवढे झाले की विषय संपतो. देऊळ कधी बांधले, किती वेळा पडले, किती वेळा उभे राहिले, याची चौकशी कोणी करीत नाही. आणि मग एक दिवस जीर्णोद्धाराची पावती फाडली जाते, जेसीबी येतो, आणि चौकशी करायला काही उरतही नाही.

हा प्रश्न आज कोल्हारहून विचारतो आहे, त्याला कारण आहे. नगर-मनमाड रस्ता जिथे प्रवरा ओलांडतो ते हे गाव. नदीच्या या अंगाला कोल्हार बुद्रुक आणि त्याला लागूनच भगवतीपूर, पलीकडे राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द. (पाथर्डी तालुक्यातही एक कोल्हार आहे, कोल्हुबाईच्या गडाचे. ते वेगळे.) शिर्डीला जाणारा माणूस इथून जातो, लोणी-प्रवरानगरचा ऊस इथून जातो, पौष पौर्णिमेला भगवतीच्या यात्रेला आसपासच्या गावची माणसे इथे येतात. पण कोल्हारवरून नदीच्या वर निघाले तर रतनवाडीपर्यंत आणि खाली गेले तर प्रवरासंगमापर्यंत, या एका नदीकाठी जुनी बांधकामे किती आणि कोणकोणत्या काळातली आहेत, हे सलग ध्यानात घेतले की आपल्या गावच्या पडक्या भिंतीकडे बघण्याची नजर बदलते.

देव जुना की देऊळ जुने?

पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्या. देवस्थान जुने असणे आणि इमारत जुनी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हारच्या भगवतीचेच घ्या. साडेतीन शक्तिपीठांच्या देवी इथे एकत्र नांदतात अशी इथल्या भक्तांची श्रद्धा आहे. ठाणे किती जुने, यावर कोणी वाद घालणार नाही. पण पुजाऱ्याला, गुरवाला किंवा गावच्या म्हाताऱ्याला कधी विचारले आहे का, की आज आपण ज्या दगडाला हात लावून नमस्कार करतो तो दगड कोणत्या खेपेचा? पायातला आहे, भिंतीतला आहे, की परवाचा आहे?

नेवाशाचे मोहिनीराज हे याचे चांगले उदाहरण. समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनीरूप घेऊन अमृत वाटले ते नेवाशात, आणि चोरून अमृत पिणाऱ्या राहूचे शीर पडले ते राहुरीत, असे आपल्याकडे सांगतात. म्हणजे देव पुराणातला. देऊळ मात्र १७७३ सालचे. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते बांधवले. म्हणजे अडीचशे वर्षांचे. अडीचशे वर्षे काही थोडी नाहीत, आणि त्या देवळावरची कोरीव मूर्तिकला पाहण्यासारखीच आहे. पण "हजार वर्षांचं देऊळ" असे कोणी म्हणाले तर ते खरे नाही.

काशी विश्वेश्वराचे आजचे देऊळ १७८० सालचे, आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींनी उभे केलेले. आता जिल्ह्यालाच त्यांचे नाव आहे. जपानमध्ये इसे म्हणून एक मोठे तीर्थक्षेत्र आहे, तिथले लाकडी देऊळ दर वीस वर्षांनी मुद्दाम नव्याने बांधतात. शेवटचे २०१३ साली बांधले. पण तिथे माप तेच, लाकूड तेच, सांधा तोच, आणि सुतारही जुन्याच्या हाताखाली शिकलेला नवा. आपल्याकडचा जीर्णोद्धार तसा होत नाही. इथे काळ्या दगडाची जोती उखडून त्यावर आरसीसीचा सांगाडा उभा राहतो, गिलावा होतो, ऑइलपेंट बसतो, आणि संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे लागतात. जुने दगड कोणी कुंपणाला नेतो, कोणी गोठ्याला.

सगळेच हेमाडपंती नसते

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री. देवगिरीच्या यादवांकडे, महादेवराव आणि रामचंद्रराव या दोघांच्या कारकिर्दीत, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो मोठा अधिकारी होता. त्याच्या नावाने काळ्या दगडाचे, चुना न घालता दगडावर दगड बसवून केलेले प्रत्येक देऊळ ओळखले जाते. पण यातली पुष्कळ देवळे हेमाडपंत जन्माला येण्याच्या आधीची आहेत. बांधण्याची ती पद्धत त्याने शोधली नाही, नाव मात्र त्याचे चिकटले.

रतनवाडीचा अमृतेश्वर बघा. रतनगडाच्या पायथ्याशी, जिथून प्रवरा निघते तिथे हे देऊळ उभे आहे. पुढेही मंडप, मागेही मंडप. शिखर भूमिज पद्धतीचे, म्हणजे छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक चढत गेलेल्या. जाणकार त्याच्या घडणीवरून ते अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचे धरतात. तिथल्या पुष्करणीत चारी बाजूंनी देवकोष्ठे आहेत. सह्याद्रीचा पाऊस, तोही भंडारदऱ्याच्या वरचा, इतकी शतके त्या दगडावर पडतो आहे, आणि दगड उभा आहे. भंडारदऱ्याचे धरण बांधून पुरे झाले १९२६ साली. ते पण दगडी बांधकामच, पण चुन्यातले.

खाली अकोल्याला सिद्धेश्वर. आढळा नदीच्या काठी टाहाकारीला भवानीचे देऊळ, त्याला तीन गाभारे. शिखर विटांचे. कोपरगावजवळ गोदावरीकाठी कोकमठाणच्या महादेवाचे शिखरही विटांचेच. १९३१ साली हेन्री कझिन्स नावाच्या साहेबाने दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर पुस्तक काढले. त्याच्या कितीतरी आधी, १८८४ च्या गॅझेटियरात आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंची गावनिहाय टिपणे आहेत. ती वाचली की एक गोष्ट जाणवते. बाहेरच्या माणसाने सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी येऊन आपल्या देवळाची लांबीरुंदी फुटांत मोजून लिहून ठेवली, आणि ती लांबीरुंदी आज गावात कोणालाच सांगता येत नाही.

तुमच्या गावच्या देवळाचा काळ अंदाजे ओळखायचा तर काही खुणा आहेत. उंबऱ्यावर वटारलेल्या डोळ्यांचे, सिंहासारखे तोंड कोरलेले आहे का? ते कीर्तिमुख. उंबऱ्यापुढे अर्ध्या चंद्राच्या आकाराची पायरी आहे का? खांबाच्या डोक्यावर छत पेलणारे बुटके यक्ष किंवा फणा काढलेले नाग आहेत का? दगडाच्या सांध्यात चुना नाही आणि तरी सुरी जात नाही इतका सांधा घट्ट आहे का? मग देऊळ, किंवा देवळाचा तेवढा भाग, यादवकाळाचा किंवा त्याही आधीचा असण्याची शक्यता धरा. उलट वर घुमट, घुमटावर गिलाव्याच्या कोनाड्यांची उतरंड, पुढे दीपमाळ, दारात नगारखाना, असे असेल तर ते बहुधा मराठेशाहीतले. बऱ्याच ठिकाणी खाली एक काळ आणि वर दुसरा काळ असतो. पाया यादवांचा, शिखर पेशवाईतले, सभामंडप आमदार निधीतला. यात कोणाचा दोष काढायचा नाही. देऊळ वापरात राहिले म्हणूनच त्याला ठिगळे लागली.

नेवाशाचा एक खांब

नदीच्या खालच्या अंगाला नेवासे. शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली. माउली ज्या खांबाला टेकून बसले म्हणतात तो पैसाचा खांब आजही उभा आहे. वारकरी त्याला कवटाळतात. त्या खांबावर जुना लेख आहे आणि त्यात करवीरेश्वराचे नाव आहे. म्हणजे तो खांब एका देवळाचा होता. देऊळ गेले. भिंती गेल्या, छत गेले, गाभारा गेला. उरला एक खांब. पुष्कळ वर्षे तो उघड्यावर होता. आज भोवती दिसते ती इमारत विसाव्या शतकातली.

तो खांब राहिला याचे कारण बघा. तो दगड म्हणून फार मोलाचा होता असे नाही. तसले खांब आपल्याकडे किती गावांच्या शिवारात आडवे पडले आहेत! कोणी त्याचा धुण्याचा दगड केला, कोणी गाडीवाटेच्या चारीवर टाकला. नेवाशाच्या खांबाला गोष्ट चिकटली होती, ती लोकांना ठाऊक होती, म्हणून त्याला कोणी हात लावला नाही. तुमच्या मारुतीपुढे शेंदूर फासलेले जे उभे दगड आहेत, ज्यांच्यावर घोडेस्वार, ढालतलवारीचे मावळे, वर चंद्रसूर्य कोरलेले आहेत, ते वीरगळ. गावाची गुरे सोडवताना, गाव राखताना मेलेल्या माणसांचे ते स्मारक असते. त्यांची गोष्ट विसरली गेली, आणि म्हणून ते गटारीच्या कडेला पडले. एखाद्या दगडावर गाढव कोरलेले दिसले तर हसू नका, तो गधेगाळ. दान दिलेली जमीन जो बळकावील त्याला दिलेली ती शिवी आहे. जमिनीच्या नोंदीचा कागदच तो, दगडावर लिहिलेला.

पांढरीत काय पुरले आहे

आता शेतकरी बंधूंच्या थेट कामाची गोष्ट. काळी आणि पांढरी हे शब्द आपण रोज वापरतो. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे गावठाण. गावठाणची माती पांढरी का असते, याचा विचार केला आहे का? शेकडो वर्षे माणसे एका जागी राहिली, चुली पेटल्या, राख पडली, शेणामातीच्या भिंती पडल्या, त्यावर पुन्हा घरे झाली, गुरांचे शेण-मूत मुरले, त्याची ती माती. म्हणून ती पिकाला मानवते. म्हणूनच आपले आजे-पणजे नदीकाठच्या टेकाडावरून गाड्याच्या गाड्या पांढरी भरून रानात टाकीत. माळवदावर टाकायला हीच माती. खत म्हणून ती चांगली खरी. पण त्या टेकाडात गावाचा सगळा जमाखर्च पुरलेला असतो.

संगमनेर तालुक्यातले जोर्वे हे प्रवराकाठचेच गाव. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली भाजलेली भांडी निघाली. पुढे महाराष्ट्रात जिथे जिथे तशी भांडी निघाली, त्या सगळ्या संस्कृतीला जगभर 'जोर्वे संस्कृती' हेच नाव पडले. आपल्या एका खेड्याचे नाव! सांकलियांनी पुढे नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर १९५४ पासून काम केले. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला पुरातत्त्व खात्याने १९५८ पासून १९७९ पर्यंत टप्प्याटप्प्याने खोदकाम केले. तिथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी लोक मातीच्या भिंतींची घरे बांधून राहत होते. जव, मसूर, वाटाणा पिकवीत होते. म्हणजे आपल्या पट्ट्यातली सर्वात जुनी घरे कोणती, तर ही. उभी नाहीत. जमिनीखाली भिंतींच्या रेघा आणि खांबांचे खड्डे तेवढे उरले. पण याच प्रवरेच्या पाण्यावर, याच काळ्या रानात ती माणसे पोट भरीत होती.

१९७४ साली दायमाबादच्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे खोड खणताना चार ओतीव कांस्यमूर्ती सापडल्या. बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक रेडा, एक हत्ती, एक गेंडा. चारींचे मिळून वजन साठ किलोच्या वर. त्या भंगाराच्या तराजूत गेल्या असत्या तर? तेवढ्या वजनाच्या तांब्या-कांशाचे किती पैसे आले असते, याचा हिशेब तुम्हीच करा. आज भारताच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांत दायमाबादचे नाव आहे ते या मूर्तींमुळे आणि तिथल्या खोदकामामुळे.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण हे कोणाच्याही रानात होऊ शकते. टेकाड सपाट करताना कधी दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली सापडतात. लोकांना वाटते, धन आहे. फोडतात. आत निघतात लहान मुलाची हाडे. जोर्वे संस्कृतीची माणसे आपले दगावलेले मूल असे दोन कुंभांत घालून घरातल्याच जमिनीखाली पुरीत असत. नेवासे, दायमाबाद, पुणे जिल्ह्यातले इनामगाव, सगळीकडे तसे सापडले आहे. तेव्हा अशी मडकी दिसली तर हात थांबवा. ते कोणाचे तरी तान्हे आहे.

गुप्तधनाच्या नादाने देवळाच्या पिंडीखाली, बुरुजाखाली, बारवेच्या पायऱ्यांखाली खणणारे लोक अजून आहेत. रात्रीतून येतात, पहाटे पिंड उखडलेली सापडते. धन तर मिळत नाहीच, आणि जे वादळाने पाडले नाही ते कुदळीने पडते. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार केले तर ते २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसते. आणि जमिनीत खरोखर काही मोलाचे सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्या कायद्यात रकमेची हद्द आहे फक्त दहा रुपये, हे ऐकून हसू येईल. पण कायदा लागू आहे. लपवले तर गुन्हा, कळवले तर सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क विचारात घेण्याची तरतूद त्यातच आहे.

वाडे का पडतात

देवळाचा दगड टिकतो. वाड्याची माती टिकत नाही, असे लोक म्हणतात. हे अर्धेच खरे. धाराशिव जिल्ह्यात तेर येथे त्रिविक्रमाचे देऊळ आहे, भाजक्या विटांचे, पाठीमागून अर्धगोल. महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या सर्वात जुन्या बांधीव वास्तूंत त्याची गणती होते, दीड हजार वर्षांच्या आसपास त्याचे वय धरतात. (आपल्या जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरचे लेणेही जुने आहे, पण लेणे डोंगरात खोदतात, बांधीत नाहीत.) म्हणजे वीट हजार वर्षे टिकते, फक्त तिला कोरडी ठेवावी लागते.

आपल्या भागातला चौसोपी वाडा आठवा. खाली घडीव दगडाचे जोते, कमरेएवढे दगडी बांधकाम, वर पातळ विटा किंवा पांढरी माती. सागवानी खांब, तुळया, त्यावर कड्या, किलचा आणि वर मातीचे माळवद. देवडी, ढाळज, ओसरी, बळद, परसात आड. भिंती दोन-दोन हात रुंद. उन्हाळ्यात आत गेले की अंग निवते, हे सांगायला इंजिनिअर नको. ही भिंत खालून ओल घेते आणि अंगावरून ती सोडते. सारवण आणि चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो. दर पावसाळ्याआधी माळवदाला माती, दर दिवाळीला पांढऱ्या मातीचा नाहीतर चुन्याचा हात, एवढ्यावर ती दोनशे वर्षे चालते.

मग झाले काय? माळवदाला माती लावणारी माणसे गेली. एका पावसात माळवद गळाले. मालक म्हणाला, कायमचा बंदोबस्त करू. बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला. आता खालून येणारी ओल बाहेर पडेना. ती आतल्या आत भिंतीत चढली. आतली माती भिजून फुगली, सिमेंटचा पापुद्रा पोटासारखा सुटला, आणि चार-पाच पावसाळ्यांत भिंत आपणहून बसली. लोक म्हणाले, "जुनं बांधकाम, पडायचंच." जुन्याने ती पाडली नाही. सिमेंटने पाडली.

कालव्याच्या पट्ट्यात आणखी एक दुखणे आहे. प्रवरेचे कालवे आले, ऊस आला, पाण्याची पातळी वर आली. ज्या रानात पाणी साचले तिथे जमीन चोपण झाली, क्षार वर आले, हे तुम्हाला सांगायला नको. जे रानाला झाले तेच भिंतीला होते. पाण्याबरोबर क्षार भिंतीत चढतात, पाणी सुकते, क्षार राहतो, आणि दगड-वीट पिठासारखी झडते. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. लोण्यावर वरून रंग मारून उपयोग नाही. भिंतीच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका, मोरीचे पाणी लांब काढा, जोत्याभोवती चर खणून मुरूम भरा, आणि जिथे गिलावा निघाला तिथे चुन्याचाच गिलावा करा. रानातला चोपण काढायला चर खणतो, तसेच हे.

आणि देवळाच्या काळ्या दगडाला ऑइलपेंट? कृपा करून लावू नका. रंगाने सांधे बुजतात, आत शिरलेले पाणी आत राहते, कोरलेली अक्षरे भरून जातात. किती शिलालेख अशा पिवळ्या-निळ्या रंगाखाली गेले त्याची गणती नाही. रंग काढायचा म्हणून काही ठिकाणी वाळूचा फवारा मारतात. त्याने रंगाबरोबर दगडाची कातडीही जाते, मूर्तीचे नाकडोळे जातात. तेही नको.

नमुना आठमधले घर

सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब, तलाठी भाऊसाहेब, आता तुमच्याकडे येतो. गावातल्या प्रत्येक घराची नोंद नमुना आठला असते. बांधकाम मातीचे की विटांचे की आरसीसीचे, केव्हाचे, किती चौरस फूट, कर किती. घर जितके जुने तितका घसारा जास्त. कागदाच्या हिशेबात जुन्या वाड्याला एवढीच किंमत, घसारा! २०२० पासून गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली, स्वामित्व योजनेत लोकांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. कोणाची हद्द कुठे हे त्यात आले. काय आणि केव्हाचे उभे आहे हे त्यात येत नाही.

हे का सांगतो? कारण पाडण्याचे निर्णय आता भराभर होतात. वेशीतून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह जात नाही, म्हणून वेस पाडली, अशी गावे तुम्हाला माहीत असतील. बैलगाडीच्या मापाची वेस, तिचा काय दोष? बाजूने रस्ता काढता येतो का, हे कोणी मोजून पाहत नाही. रस्ता रुंदीकरण आले की बारव बुजते, धर्मशाळा जाते. जीर्णोद्धाराला तर विरोध करायची सोयच नाही, विरोध करणारा देवाचा वैरी ठरतो. गावच्या एका म्हाताऱ्याचे बोलणे ऐकले ते असे: "देवळाला लाख दिले म्हणून पाटीवर नाव आलं, पण जुना दगड ठेवा म्हणालो तेव्हा कोणी ऐकलं नाही." त्याचे म्हणणे खोटे नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक असेल, जसे रतनवाडीचा अमृतेश्वर, तर १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच. लोकांना याचा जाच वाटतो, आणि घर दुरुस्तीच्या साध्या कागदाला लागणारा वेळ पाहिला तर तो खोटाही नाही. राज्याचा वेगळा कायदा १९६० चा, राज्य संरक्षित स्मारकांसाठी. पण आपल्या गावातली शंभरातली नव्वद जुनी बांधकामे या दोन्ही याद्यांत नाहीत. त्यांना कोणी वाली नाही, फक्त गाव. देवस्थानाची जमीन इनाम वर्ग ३ ची असेल तर त्या जमिनीचे जुने कागद, सनदा, आकारफोड हे महसुली दफ्तरात मिळू शकतात, आणि त्यावरून देऊळ निदान केव्हापासून आहे हे कळते. देवस्थानाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असेल तर तिथेही मालमत्तेची यादी असते. ती काढून बघा, त्यात घंटा, समई, पालखी सगळे मांडलेले असते. देवळाचा दगड मात्र बहुधा नसतो.

पुढच्या ग्रामसभेत एक विषय घ्या. खर्च काही नाही. गावात शंभर वर्षांपलीकडचे काय काय उभे आहे, याची एक वही करा. देऊळ, मशीद, दर्गा, वाडा, वेस, गढी, बारव, आड, घाट, जुना बंधारा, वीरगळ, समाधी, सगळे. ओझरचा प्रवरेवरचा बंधारा भंडारदऱ्याच्या आधीचा, एकोणिसाव्या शतकातला. बंधारासुद्धा बांधकामच आहे हे विसरू नका. दहावीची पोरे आणि इतिहासाचे गुरुजी हे काम चार रविवारांत करतील. लांबी, रुंदी, तोंड कोणत्या दिशेला, दगडाचे की विटांचे, चुन्यात की चुन्याविना, आणि गावात त्याबद्दल काय सांगतात, हे लिहा. जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सांगणाऱ्याचे वय आणि तारीख घाला. पांडवांची गोष्ट असली तरी लिहा, गाळू नका.

दगडावर अक्षरे दिसली तर त्यावर खडू, कुंकू, तेल काही लावू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा अक्षर सावलीने उठून दिसते, त्या वेळी फोटो काढा. मोबाईल आता प्रत्येकाच्या खिशात आहे. फोटोत दगडाशेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर बाहेरच्या माणसाला आकार कळत नाही. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवा. आणि जीर्णोद्धार करायचाच असे गावाने ठरवले असेल, तर पाडण्याआधी प्रत्येक दगडावर चुन्याने नंबर टाका, चारी बाजूंचे फोटो घ्या, उंबरा, द्वारशाखा आणि लेखाचा दगड आधी सुटा करून मंदिराच्या आवारातच, सावलीला, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.